३४ हजार किलोमीटरवर कोणाचा विश्वास बसत नाही

जुनी गाडी विकताना रनिंग जेवढं कमी तेवढा भाव जास्त, असं मला पण वाटायचं. प्रत्यक्षात बाजारात आधी पासिंगचं वर्ष बघतात, मग ओनर कितवा, मग गाडी ठोकलेली आहे का, आणि मीटर सगळ्यात शेवटी. आणि तो आकडा कमी दिसला तर कौतुक वगैरे काही नाही, "मीटर फिरवलाय का?" हा पहिला प्रश्न. सध्या कोणी कमी चाललेली छोटी गाडी विकायच्या विचारात असेल तर मला जे जे दिसलं ते सांगते.

गाडी माझी २०१६ पासिंगची ग्रँड आय टेन, १.२ पेट्रोल, स्पोर्ट्झ, सिल्व्हर, एमएच १२, फर्स्ट ओनर मीच. मीटरवर ३४ हजार आणि वर थोडे. नऊ वर्षांत एवढंच कसं काय, तर राहायला पुण्यात कोथरूडला, आधी कंपनीची बस होती, मग २०२० पासून दोन वर्षं घरूनच काम, आणि मार्च २०२४ ला मेट्रो रामवाडीपर्यंत गेली तेव्हापासून वनाज ते कल्याणीनगर मेट्रोनेच, कारण कर्वे रोडने नळस्टॉप पार करून ऑफिसला गाडी न्यायची म्हणजे तिथे पोचेपर्यंतच माणूस दमतो. मग गाडी उरली ती आईकडे सहकारनगरला जायला, दवाखान्याला आणि कधीतरी भाजीला. सोसायटीत फ्लॅटमागे पार्किंग एकच, त्यात नवऱ्याची गाडी, माझी समोरच्या काकांच्या रिकाम्या जागेत भाड्याने उभी असायची. काकांच्या मुलाने गाडी बुक केली आणि आमचा प्रश्न सुटला, म्हणजे माझी गाडी विकायचं ठरलं.

वेळ मात्र काय निवडली होती! गणपती झाल्यावर जाहिरात टाकू म्हणत होते, तर ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने ठरवलं की चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के अधिक सेस होता तो २२ तारखेपासून सरळ १८ टक्के. नवीन वॅगन आर पाच लाखांच्या आत आली, ऑल्टो के टेन तीन लाख सत्तर हजारांपासून, अर्थात एक्स शोरूम. नवीन उतरली की जुनी आपोआप उतरते, हे सांगायला कोणी अर्थतज्ज्ञ लागत नाही. त्यात मधे पितृपंधरवडा, त्यात कोणी गाडी घेत नाही. घटस्थापना आणि नवीन दर एकाच दिवशी. म्हणजे गिऱ्हाईक येणार तेव्हाच भाव पडलेले असणार. थांबून पण उपयोग नव्हता, जानेवारी लागला की गाडी कागदावर अजून एक वर्षाने म्हातारी, कारण विचारताना सगळे साल विचारतात, महिना कोणी विचारत नाही.

तर जाहिरात टाकायच्या आधीची तयारी. ही मी शांतपणे करून घेतली आणि नंतर ह्याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला. ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट काढून घेतली, प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचं मीटर रीडिंग त्यात असतं. घरची बिलांची फाइल होतीच, नवरा तिला माझी पोथी म्हणतो. सुरक्षा नंबरप्लेट, ती एचएसआरपी, मे महिन्यातच बसवलेली, ७४५ अधिक जीएसटी म्हणजे ८७९ रुपये. तेव्हा सगळे वैतागले होते पण एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नसेल तर आरटीओत नाव ट्रान्स्फरचं कामच पुढे सरकत नाही, त्यामुळे ज्यांची राहिलीय त्यांनी आधी ते बघा. लोनचा बोजा आरसीवरून केव्हाच उतरवला होता. एक ई-चलान निघालं, झेब्रा क्रॉसिंगवर थांबल्याचं, ते भरलं. त्याचा मेसेज मला कधी आलाच नव्हता, कारण शोरूमने २०१६ ला रजिस्ट्रेशन करताना माझ्या नावापुढे त्यांच्याच कोणा माणसाचा मोबाइल नंबर टाकलेला. परिवहनच्या साइटवर चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकून नंबर बदलून घेता येतो. हे विकायच्या आधी तपासाच, कारण पुढे ट्रान्स्फरच्या वेळी सगळं ओटीपीवर चालतं आणि तो ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाला जात बसेल.

वॉशिंग सेंटरला आतून ड्रायक्लीन करून घेतली. डेंटिंग-पेंटिंग मुद्दाम केलं नाही. मागच्या बंपरला एक ओरखडा होता, तो तसाच ठेवला आणि जाहिरातीत त्याचा फोटोही टाकला. नवऱ्याचं म्हणणं होतं की चार हजारात निघेल, काढून टाक. पण नवीन रंग दिसला की समोरच्याला वाटतं खाली काहीतरी लपवलंय, आणि त्या संशयाला चार हजारापेक्षा जास्त किंमत मोजावी लागते.

सुरुवात सोप्या मार्गाने केली, म्हणजे ऑनलाइन गाड्या विकत घेणारी एक कंपनी. साइटवर माहिती भरली तर अंदाज आला ३.१० ते ३.४५ लाख, मी खूश. घरी मुलगा आला, चांगला होता बिचारा, तासभर गाडीभोवती फिरला, रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर प्रत्येक पॅनेलला लावून बघितला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर जोडला, डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खालचा पत्रा बघितला, पिलर, ॲप्रन सगळ्याचे फोटो. मला म्हणाला, "मॅडम एवढी क्लीन गाडी रोज नाही बघायला मिळत." संध्याकाळी ॲपवर डीलर लोकांची बोली लागली आणि आकडा आला २.६२. मग एका बाईंचा फोन, ही ऑफर आज रात्री बारापर्यंतच, उद्या मार्केट अजून खाली जाईल. मी म्हटलं रनिंगचं काय? तर म्हणे "मॅम, इयरप्रमाणे प्राइस निघते, लो रनिंगचं प्लस धरूनच दिलंय." मी नाही म्हटल्यावर बारा वाजायच्या आत तोच आकडा २.७८ झाला. कंपनी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, ज्याला आजच्या आज पैसे हवेत आणि डोक्याला ताप नको त्याने जरूर द्यावी, तो ताप वाचवायची किंमत साधारण पन्नास-साठ हजार आहे एवढं मात्र माहीत असू दे.

मग डीलर. हा वेगळाच अनुभव. जाहिरातीत नाव माझं, नंबर माझा, आरसी माझी, आणि फोन उचलला की "साहेबांना द्या ना जरा." साहेबांना गाडीचं ऑइल कुठे टाकतात तेही माहीत नाही हो. एकाला सांगितलं की साहेब स्वयंपाक करतायत, बोला. प्रत्येकाचा ठरलेला प्रश्न "फायनल किती?" गाडी न बघता, फोनवरच. आणि नंतरचं ठरलेलं वाक्य, पार्टी रेडी आहे. ती पार्टी कोणाला दिसत नाही.

त्यातला एक जण मात्र बरा वाटला, गाडी बघितली, २.८५ म्हणाला, आज टोकन देतो म्हणाला आणि बॅगेतून टीटीओचा सेट काढला. टीटीओ म्हणजे ट्रान्स्फरचे फॉर्म, २९ आणि ३०, घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी, मी फक्त खाली सह्या करायच्या. म्हणजे गाडी त्याच्या नावावर होणारच नाही, तो महिना दोन महिने ती शोरूमला उभी ठेवणार, कोणाकोणाला चालवायला देणार, आणि जो शेवटी घेईल त्याचं नाव त्यात भरलं जाणार. तोपर्यंत आरसीवर मी. ह्यात काय होऊ शकतं? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका केसमध्ये, जिथे गाडी हातोहात पुढे विकली गेली होती पण नाव बदललं नव्हतं, अपघाताची भरपाई रजिस्टर्ड मालकावरच टाकली. विकून जवळजवळ दोन वर्षं झालेली तरी. मी त्याला विचारलं की एप्रिल २०२३ पासून नियम आहे ना, ऑथराइज्ड डीलरने गाडी ताब्यात घेतली की फॉर्म २९ सी भरून आरटीओला कळवायचं आणि मग जबाबदारी तुमच्यावर येते, ते करणार का. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या बायकोला साडी मागितली. "मॅडम, वीस वर्षं धंद्यात आहे, असं कोणी मागितलं नाही." मग आता मी मागतेय ना. टोकन परत बॅगेत गेलं.

असे सगळेच डीलर असतात असं नाही, रीतसर करणारे पण असतील, पण कोऱ्या फॉर्मवर सही ही गोष्ट मला कोणीही कितीही गोड बोलून पटवू शकणार नाही.

फसवणारे पण आले, ते टळत नाहीत. आर्मीत आहे, पोस्टिंग जैसलमेरला, गाडी न बघता घेतो, क्यूआर कोड पाठवलाय तो स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स जमा होईल. पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही, पिन तर अजिबात लागत नाही. पुढे.

आता खऱ्या गिऱ्हाइकांबद्दल, म्हणजे घरगुती वापराला घेणारे. हे लोक बारीक बघतात आणि बघायलाच पाहिजे. पण कमी रनिंगच्या गाडीची गंमत अशी की तिच्यातल्या चांगल्या गोष्टीच पुरावा म्हणून तुमच्याविरुद्ध वापरल्या जातात. टायर मी २०२२ ला बदलले होते, गोट्या, म्हणजे वरची नक्षी, भरपूर होत्या पण रबर कडक होऊन कडेला बारीक चिरा पडलेल्या, सहा वर्षांचं रबर म्हणजे वयच झालं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते बघून एक गृहस्थ म्हणाले, ३४ हजारांत टायर बदलले? म्हणजे गाडी सत्तर-ऐंशी चाललीय. बॅटरी दुसऱ्यांदा बदललेली, तर तेच. अहो उभ्या गाडीची बॅटरी चालत्या गाडीपेक्षा लवकर जाते, पण हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकायला कोणाला आवडत नाही. एक काका सर्वात हुशार निघाले, त्यांनी मीटरकडे बघितलंच नाही, वाकून ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघितलं, स्टिअरिंगवरून हात फिरवला, ड्रायव्हर सीटची कड दाबून बघितली. मीटर फिरवता येतो, पेडलचं झिजलेलं रबर कोण बदलत बसतो. ते म्हणाले गाडी खरी आहे, पण त्यांना ऑटोमॅटिक हवी होती, गुडघ्यामुळे. मग आलात कशाला असं मनात आलं, पण चहा पिऊन गेले आणि जाता जाता सांगून गेले की तीन पासष्ट कोणी देणार नाही, तीन चाळीस-पंचेचाळीसला सोड.

शेवटी ज्यांनी घेतली ते धायरीचे, आयटीआयला शिकवतात, पहिलीच गाडी, मुलीला पण शिकवायची म्हणून मोठी नको. त्यांनी फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या, सर्व्हिस हिस्टरी व्हॉट्सॲप करा, आणि आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका. दुसरी अट ऐकल्यावरच मला कळलं की बरोबर मेकॅनिक येणार. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उचलतं, आवाज काय येतो, सायलेन्सरमधून धूर कुठला, हे गरम गाडीत कळत नाही.

मेकॅनिक साधारण पन्नाशीचा, कमी बोलणारा. बॉनेट उघडून आधी बोल्ट बघितले, पान्याचे व्रण आहेत का, म्हणजे फेंडर किंवा बॉनेट कधी उतरवलंय का. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. कूलंट. मग खाली आडवा झाला, बराच वेळ. टेस्ट ड्राइव्हला मी लायसन्सचा फोटो काढून घेतला आणि बाजूला बसले (एकट्याला गाडी देऊ नका, कोणी कितीही सभ्य दिसो), चांदणी चौकाच्या चढाला त्याने मुद्दाम तिसऱ्यात ओढून बघितलं क्लच सरकतो का. खाली उतरल्यावर सरांना म्हणाला, "गाडी चाललेली नाही. पण बसून राहिलेली आहे." पुढच्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सस्पेन्शनमधली रबरं, चिरलेत, वायपर आणि दाराची रबरं कडक झालीत, ब्रेक एकदा उघडून साफ करावे लागतील, बाकी इंजिन-गिअरला दहा वर्षं बघायचं काम नाही. इतक्या जणांनी गाडी बघितली पण नेमकं निदान ह्या एकाने केलं, आणि मला ते अजिबात वाईट वाटलं नाही, कारण खरंच तसंच होतं.

मग बसून बोलणं. मी ३.६५ मागत होते, सर ३.२० वरून सुरू झाले, नवीन वॅगन आरचा विषय निघालाच. त्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं की पाच लाखांच्या आतली किंमत ही बेस मॉडेलची आणि एक्स शोरूम, टॅक्स-इन्शुरन्स धरून ऑन रोड कुठे जाते ते बघा, आणि ह्या गाडीत चार सिलिंडरचं इंजिन आणि मागे एसीचे व्हेंट पण आहेत. मागच्या एसीचं नाव काढलं तशी त्यांच्या बायकोने सरांकडे बघितलं. तिथेच अर्धा सौदा झाला. ३.४० ला ठरलं, बुशचं काम त्यात धरून. दहा हजार टोकन यूपीआयने घेतलं आणि साध्या कागदावर लिहून दिलं की बाकी रक्कम कधीपर्यंत, आणि सौदा मोडला तर टोकनचं काय.

डिलिव्हरी त्यांना दसऱ्याला हवी होती, मुहूर्त. २ ऑक्टोबर, गांधी जयंती पण, बँका बंद. सर म्हणाले निम्मे कॅश देतो, निम्मे नंतर. निम्मे नंतर तर नाहीच, आणि सगळेच कॅश म्हणाल तर दोन लाख किंवा वर एका व्यवहारात रोख घेणं आयकराच्या नियमात बसत नाही आणि दंड घेणाऱ्याला, जेवढी रक्कम तेवढाच. आरटीजीएस सुट्टीच्या दिवशी पण चालतं, चोवीस तास. त्यांच्या मुलीने मोबाइलवरून केलं, खात्यात जमा झाल्याचं मी बँकेच्या ॲपमध्ये बघितलं, नुसत्या मेसेजवर विश्वास नाही ठेवला, आणि मग दोन्ही चाव्या दिल्या. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ पण लिहायची, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, म्हणजे अकरा वीसला सिग्नल तोडला तर तो त्यांचा. मीटर रीडिंग पण लिहिलं. आधार-पॅनच्या झेरॉक्सवर आडवं "फक्त गाडी विक्रीसाठी" लिहून सही. नारळ त्यांनी आणला होता, लिंबू आमच्याकडचं.

ट्रान्स्फरसाठी त्यांनी एजंट धरला, खर्च त्यांचा. एजंटने पण आधी म्हटलं मॅडम सह्या करून ठेवा मी भरून घेतो, मी समोर बसून फॉर्म २९ च्या दोन्ही प्रती आणि ३० भरायला लावले, मग सही. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, बहुतेक लोक ते एजंटवर सोडून देतात आणि मग वर्षभराने चलान यायला लागलं की जागे होतात. ऑनलाइन अर्जाला माझ्या आधारवर ओटीपी आला, त्यांच्यावर आला, मग संगम ब्रिजच्या ऑफिसात ते अडकलं कुठेतरी, अर्ज "पेंडिंग" दिसत राहिला, मी रोज एमपरिवहन ॲप उघडून बघायचे. दिवाळी झाल्यावर एकदा ॲपमध्ये मालकाच्या नावात माझ्या नावाऐवजी त्यांच्या नावाची तारांकित अक्षरं दिसली. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

फास्टॅग डिलिव्हरीच्याच दिवशी बँकेत सांगून बंद केला. टॅग गाडीच्या नंबरला बांधलेला असतो, काचेवर राहिला तर ते खेड शिवापूरला जातील आणि पैसे माझे कापले जातील. डिपॉझिट नंतर खात्यात आलं.

आणि इन्शुरन्स. इथे सरांना थोडा धक्का बसला. पॉलिसी जानेवारीपर्यंत होती, ती त्यांच्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज द्यायचा असतो, तो त्यांनी दिला, पण माझा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममधली सूट, त्यांना मिळत नाही, तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, त्यामुळे उरलेल्या महिन्यांचा फरक त्यांना भरावा लागला. त्यांना वाटलं मी काहीतरी लपवलं, मी कंपनीच्याच माणसाशी बोलणं करून दिलं तेव्हा पटलं. माझ्या बोनसचं मी कंपनीकडून सर्टिफिकेट घेतलं, ते मागावं लागतं, आपणहून कोणी देत नाही. तीन वर्षं चालतं. नवऱ्याच्या गाडीला ते चालणार नाही, पॉलिसी त्याच्या नावावर आहे. तीन वर्षांत मी माझ्या नावावर गाडी घेतली तर वापरायचं, नाहीतर गेलं.